ओढ्यात मी पडलो नव्हतो

तुम्ही मला रेडिओवर धापा टाकताना ऐकलं असेल. कोंडाणे गावाच्या वरची वाडी, निम्मी चढण झालेली, मी थांबतो, श्वास घेतो आणि म्हणतो — मंडळी, जरा — टेकतो हं. बऱ्याच जणांना ते फार आवडायचं. तो दम खोटा नव्हता. पण तो डोंगरावरचाही नव्हता. आमच्या कर्जतच्या घराला गच्चीवर जायला बाहेरून जिना आहे. त्यावरून मी भराभर चढउतार करायचो आणि दम टिकून आहे तोवर धावत माइकपाशी यायचो.

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. शुभदाला, माझ्या बायकोला, ठाऊक आहे — पण तेही मी सांगितलं म्हणून नव्हे. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जिना दिसतो. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, "अहो, गच्चीवर सारखं काय विसरताय?" पुढच्या आठवड्यात तिनं विचारलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच ना? एवढंच असतं तर मी तुम्हाला थांबवून हे कशाला ऐकवलं असतं? जिन्याचं हसण्यावारी नेता येईल. मला जे सांगायचंय ते त्याच्या पुढचं आहे, आणि सरळ तिथं जायचा धीर होत नाही. जरा फिरून जाऊ.

बँकेतून निवृत्त झालो तेव्हा माझ्याजवळ एकच भांडवल होतं, आवाज. गणपतीच्या मंडपात ‘पांढऱ्या रंगाची गाडी कोणाची आहे, कृपया बाजूला घ्यावी’ हे मी असं म्हणायचो की गाडीवाला गाडी काढायची सोडून ऐकत उभा राहायचा. त्यामुळे आमच्या भागात छोटं रेडिओ केंद्र निघालं — कर्जत, खालापूर, चौक एवढ्यातच ऐकू येणारं, एका संस्थेच्या माळ्यावरच्या दोन खोल्यांतलं — तेव्हा मला बोलावणं आलं. केंद्राच्या प्रमुख बाईंना, ज्यांना आम्ही सगळे मॅडमच म्हणायचो, इथल्या लोककलांवर कार्यक्रम करायचा होता. गाणी, नाच, वाद्यं, टोपल्या विणणारे हात. पण स्टुडिओत बोलावून नाही. माणसाच्या घरी जाऊन, त्याच्या ओटीवर बसून.

"डोंगरातल्या वाड्यांवर चढून जावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "जमेल का तुम्हाला?"

इथं मी नाही म्हणायला हवं होतं. पण खोलीत आणखी दोघं बसले होते आणि ते माझ्याहून तरुण होते. मी म्हणालो, या डोंगरांत तर मी लहानपणापासून हुंदडलोय. मॅडमना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते जाहिरातीत घातलं, आणि कार्यक्रमाला नाव दिलं ‘पायवाट’.

खरं सांगू? मला उंचीची भीती वाटते. नुसती वाटत नाही, हातपाय गळतात. गच्चीच्या कठड्याशी मी उभा राहत नाही. पापड वाळत घालायचे तर मधोमध घालतो. शाळेची सहल राजमाचीला गेली त्या दिवशी मला ताप आला होता — म्हणजे मी आणला होता. साठी उलटलेल्या माणसानं हे चार लोकांत कसं सांगायचं? आणि का सांगायचं नाही? दोन्ही प्रश्न मला तेव्हाही पडले होते. मी पहिल्याच्या बाजूनं निकाल दिला.

सखल भागातली माणसं मी खरोखर घरी जाऊन गाठली, एवढं मात्र खरं. चौकला ढोलकी मढवणारे एक काका, खालापूरकडे सुपं-टोपल्या विणणारं एक जोडपं — स्कूटर काढायची, दारात लावायची, चहा प्यायचा, रेकॉर्डिंग करायचं. काही आठवडे असे निघाले. मग मॅडम म्हणाल्या, आता जरा वर जाऊ या. वरच्या ठाकर आदिवासींच्या वाडीत नामीबाई म्हणून एक बाई आहे, गौरीची गाणी तिच्यासारखी कोणाला येत नाहीत म्हणे.

मी निघालो. खांद्याला रेकॉर्डरची पिशवी, डोक्याला टोपी. गाव मागे पडेपर्यंत ठीक होतं. पुढे वाट अरुंद झाली, एका बाजूला उतार सुटला, आणि मी चुकून तिकडे बघितलं. त्यानंतर किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी एका कातळावर बसलो होतो. वर जाता येईना, खाली उतरता येईना. तेवढ्यात वरून एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन आली. काळी, किडकिडीत, माझ्याच वयाची. थांबली.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. "बसलोय जरा."

"मंग जाळी कशापाय धरलीया?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी करवंदीची जाळी दोन्ही मुठींत धरली होती. काटे तळहातात गेले होते आणि मला कळलं नव्हतं.

तिनं मोळी उतरवली, माझा हात धरला आणि मला खाली न्यायला लागली. माझं लक्ष दरीकडे जाऊ नये म्हणून ती गात होती. गौर माहेरी आली आहे, वाटेत काय काय खाल्लंस म्हणून तिला विचारताहेत, आणि गौर प्रत्येक कडव्यात एकेक पदार्थ वाढवत चालली आहे, असं गाणं. त्या भीतीतही मला कळलं की हा आवाज मी कधीच ऐकला नाही असा आहे. खडबडीत, थोडा नाकातला, आणि कुठं थांबायचं ते पक्कं माहीत असलेला. खाली सपाटीला आल्यावर मी नाव विचारलं. हीच नामीबाई.

मी कोण, कशाला निघालो होतो ते ऐकल्यावर तिनं एकच गोष्ट विचारली — हे खालापूरकडं ऐकू येईल काय? तिची नणंद सखू तिकडच्या एका गावात दिलेली. सखूचं घर पक्कं, सखूकडे फ्रिज, आणि सखू वाडीत आली की म्हणायची, तुमच्याकडं कोन येनार एवढं चढून?

मी म्हटलं, ऐकू येईल.

"मंग तुमी नका येऊ वर, भाऊ. तुमचं काम नाय ते. मीच येते तुमच्याकडं." मग जरा विचार करून म्हणाली, "पन रेडिओत म्हना, नामीच्या घरी गेलतो."

सुचवलं तिनं, हे मी स्वतःला वाचवायला सांगतोय असं समजू नका. तिला एका चहाटळ नणंदेची जिरवायची होती. मला माझा भित्रेपणा झाकायचा होता. दोन्ही सारखं आहे का?

त्यानंतरच्या आठवड्यात ती आमच्याकडे आली, नवं लुगडं नेसून. आमच्या मागच्या पडवीत आम्ही वाडी उभी केली. शेजाऱ्यांच्या कोंबड्या होत्याच. वाटेवरच्या पाचोळ्यासाठी मी गोणीत वाळकी पानं भरून आणली आणि त्यावर जागच्या जागी चाललो. ओढ्यासाठी बादली आणि नळ. मग जिना. मी धापा टाकत आलो, म्हणालो, "आणि हे — मंडळी — नामीबाईंचं घर." नामीबाईनं आमच्याच पडवीत मला या बसा केलं. पाणी दिलं. लई दमलात म्हणाली. हे झाल्यावर मी रेकॉर्डर बंद केला तर ती म्हणाली, परत करा, मी ‘लई’ कमी वढला. आम्ही परत केलं. या वेळी तिनं ‘लई’ असा ओढला की आत शुभदाच्या हातून झारा पडला. तोही रेकॉर्डिंगमध्ये आहे. मी सांगितलं की घरात सून भाकऱ्या करते आहे.

गाणी सुरू असताना कर्जत स्टेशनातून इंजिनानं भलामोठा भोंगा दिला. मी लगेच आवाज खाली आणून म्हणालो, "वाऱ्यावर घाटातल्या ठाकुरवाडी स्टेशनाच्या बाजूनं गाडीची साद येते आहे, आणि इथं, एवढ्या उंचावर—" एका श्रोत्यानं मॅडमना कळवलं की हे वाक्य ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. कुकरच्या शिट्टीला मात्र मला काही सुचेना. मी तिला पक्षी म्हणालो. एका पक्षिमित्रानं त्याचं नाव विचारलं होतं.

कार्यक्रम गाजला. गाण्यानं गाजला, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, माझ्या धापांनी. नामीबाई महिन्यातून एकदा खाली येऊ लागली. बाजार करायची, शुभदाशी गप्पा मारायची, भजी खायची, गाणी द्यायची. वाडीतली दुसरी माणसंही तिनं एकेक करून आणली — ढोल वाजवणारा तिचा दीर, बांबूची खेळणी करणारा एक म्हातारा — आणि मी प्रत्येकाच्या ‘घरी’ गेलो. डोंगराच्या आडोशाला वाडीत आमचं केंद्र लागत नसे, त्यामुळे वर बाकी कोणाला पत्ता नव्हता. पुढे कोणीतरी मोबाइलवर एक भाग वर नेलाच. त्यात मी सांगत होतो, वाडीतली सगळी पोरंबाळं माझ्याभोवती जमली आहेत. वाडीनं ऐकलं. वाडी म्हणाली, आमी कुठं व्हतो? नामीबाईनं एका दमात सांगून टाकलं, तुमी समदे रानात गेलता तवाच आलता तो. आणि पोरं? पोरं झोपलेली. लोकांनी ते मान्य केलं. रेडिओ काय खोटं सांगतो?

आता येतो मी तिथं.

दुसऱ्या वर्षी गौरींच्या आठवड्यात खास भाग करायचा ठरला. पाऊस लागून राहिला होता. नामीबाईनं पुतण्याच्या मोबाइलवरून निरोप दिला की ओढ्याला पाणी जास्त हाय, उतार पडू दे, मंग येते. मी त्याला म्हणालो — माझेच शब्द आहेत, मला बदलायचे नाहीत — "गौरी काय तिच्यासाठी थांबणार आहेत का? सांग तिला."

ती आली. नखशिखांत भिजलेली, उजवा हात पदराखाली. ओढ्यात पडली होती. ते तिनं असं सांगितलं की हसू आवरेना. पाय सरकला, ती बसली, पाणी तिला घेऊन निघालं, तिनं एक मूळ धरलं, ते मूळ तिच्याबरोबर निघालं, तेव्हा ती मुळाला म्हणाली, "तू कुठं चाललंस रं बाजाराला?" मी हसता हसता डोळे पुसले. शुभदानं मात्र पदर बाजूला केला. मनगट वांग्यासारखं सुजलं होतं.

"आधी दवाखाना," शुभदा म्हणाली.

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अर्धा तास. आवाज आत्ता मोकळा लागलाय तिचा."

नामीबाई म्हणाली, गाते मी. ती गायली. टाळी तिला देता येत नव्हती, म्हणून टाळी मी दिली. अर्धा तास म्हणता म्हणता सगळी गाणी घेतली. मधे एकदा ती थांबली, तिचं तोंड पांढरं पडलं होतं, आणि मी बोटानं खूण केली — चालू ठेवा. मग शुभदा आली आणि मला न विचारता तिनं रेकॉर्डरची वायर काढली. सरकारी दवाखान्यात हाताचा फोटो काढला. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं.

प्लॅस्टर घालून आम्ही तिला पुतण्याच्या हवाली केलं. रिक्षातून परत येताना शुभदा म्हणाली, "टाळी चुकत होती तुमची."

हेच सांगायचं होतं का मला? नाही. अजून नाही.

त्या भागाचं निवेदन करायला मी केंद्रात बसलो. पावसाचा आवाज खरा मिळाला होता, गाणी अप्रतिम होती, पण माझी वाट काही रंगेना. नेहमीच्या धापा. नेहमीचा पाचोळा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं — नाही, निघून गेलं म्हणू नये; मी बोललो — "मंडळी, ओढ्याला पाणी होतं. माझा पाय सरकला. पाणी मला घेऊन निघालं. मी एक मूळ धरलं, तर ते माझ्याबरोबर निघालं. मी त्याला म्हटलं, तू कुठं चाललंस रे बाजाराला?"

मॅडम काचेपलीकडे पोट धरून हसत होत्या.

भाग लागला त्याच संध्याकाळी फोन सुरू झाले. लागलं तर नाही ना? मी म्हणालो, थोडा मुरगळलाय पाय. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातला पोक्त माणूस स्वतः क्रेपची पट्टी घेऊन घरी आला. मंडळाची पोरं आली. मला पट्टी बांधावीच लागली. बाजारात लंगडत जावं लागलं. एकदा मी डाव्या पायाची पट्टी उजव्याला बांधून निघालो आणि त्याच दुकानदारानं मला हटकलं. मी म्हणालो, दुखणं सरकलंय. त्यानं गंभीरपणे मान डोलावली, म्हणाला, होतं तसं कधी कधी.

चौकहून एक आजोबा एसटीनं आले, ‘पायवाट’चे नियमित श्रोते. पिशवीत निरगुडीचा पाला. सूज उतरायला याच्यासारखं काही नाही, आणि तुम्ही शेकल्याशिवाय मी उठणार नाही, म्हणाले. मी खुर्चीत बसलो, पाय घमेल्यात. आणि नेमकी त्या दिवशी नामीबाई हात दाखवायला दवाखान्यात आलेली, आमच्याकडेच बसलेली, हात झोळीत घालून गळ्यात अडकवलेला. आजोबांनी तिला विचारलं, आजी, तुम्ही कोण? ती म्हणाली, कामाला येते हितं. मग तिनं डाव्या हातानं पाला चुरून आजोबांच्या हातात दिला आणि आजोबांनी तो माझ्या धडधाकट घोट्यावर बांधला. मी ‘हाय’ केलं. करावंच लागलं ना?

आजोबा गेल्यावर ती म्हणाली, "भाऊ, तुमी ते मुळाचं बेस सांगितलं." रागावून नव्हे. एखादीची पाककृती दुसरीला साधली तर म्हणतात तसं. "पन मी ‘रं’ म्हनले व्हते. तुमी ‘रे’ म्हनलात."

उरलेला पाला शुभदानं गरम करून तिच्या बोटांना बांधला. प्लॅस्टरच्या बाहेर तेवढीच दिसत होती.

केंद्राला दोन वर्षं झाली म्हणून खालापूरच्या एका सभागृहात समारंभ ठेवला. माझा सत्कार, नामीबाईचाही. तोवर मी पट्टी काढून बरेच दिवस झाले होते, लोकही विसरले होते. समारंभाच्या दिवशी निघताना मी ती कपाटातून काढली आणि बांधली. कोणी सांगितलं नव्हतं. शुभदा दारात उभी राहून बघत होती, तिच्या हातात कुलूप होतं.

पुढच्या रांगेत सखू बसली होती. नामीबाईनं तिला निरोप पाठवून बोलावलं होतं. प्रमुख पाहुणे पनवेलहून आलेले, बोलायची हौस असलेले गृहस्थ. त्यांनी मला डोंगर पायाखाली घालणारा माणूस म्हटलं. माझ्या पट्टीकडे हात करून म्हणाले, ही पट्टी नाही, हे पदक आहे. टाळ्या. शाल. मग त्यांचं लक्ष नामीबाईकडे गेलं. प्लॅस्टर निघालं होतं पण हात अजून गळ्यातच होता. त्यांनी माइक तिच्यापुढे धरला.

"आणि आजी, तुमच्या हाताला काय झालं?"

पुढं सखू, मागं दोनतीनशे माणसं, शेजारी मॅडम. तिनं एक शब्द बोलायचा अवकाश होता, आणि तो बोलायचा तिला पुरेपूर हक्क होता. नामीबाईनं माइककडे बघितलं, जरा वेळ घेतला — वेळ घेणं तिला कळायचं — आणि म्हणाली, "भाऊ येनार म्हनून अंगन सारवीत व्हते. घसरले. भाऊ वढ्यात पडले, मी दारात पडले. एकाच दिशी दोगं."

सभागृहात हशा फुटला. पाहुणे खुर्चीतून वाकून हसले, सखू हसली, मॅडमनी टाळ्या वाजवल्या. नामीबाई वळली आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

मी काय केलं ते — थांबा. तेवढं शेवटी सांगतो.

तिचं मनगट सरळ बसलं नाही. भाकरी थापता येत नाही तिला, सून थापते. विळा धरवत नाही. भातकापणीला ती बांधावर बसून पेंढ्या मोजते आणि सगळ्यांना शिव्या देते. गौरीच्या नाचात टाळी द्यायची तर ती डावा हात मांडीवर मारते. माझ्याकडे तिनं कधी काही मागितलं नाही. पाय सांभाळा, एवढं मात्र भेटली की म्हणायची, आणि म्हणताना तिला हसू फुटायचं.

पुढच्या वर्षी मी गुडघ्यांचं निमित्त करून कार्यक्रम सोडला. गुडघे उत्तम आहेत. माझ्या जागी एक मुलगी आली, ती खरोखर चढून जाते. पहिल्याच आठवड्यात मला भेटायला आली, म्हणाली, काका, तुमच्या धापा ऐकून मी घाबरले होते, पण वाट सोपी आहे की, शाळेतली पोरं रोज उतरतात. आणि वाडीतले लोक तुमची आठवण काढतात; सगळे म्हणतात, काका आले तेव्हा आम्ही रानात होतो.

गेल्या उन्हाळ्यात नामीबाईच्या नातीचं लग्न झालं. आमंत्रण दोघांना होतं. शुभदा गेली. तिचे गुडघे खरंच दुखतात, पण ती गेली, हळदीच्या आदल्या दिवशी, आणि लग्न लागल्यावरच उतरली. आल्यावर कोथिंबीर निवडत बसली आणि निवडता निवडता सांगायला लागली. हळद कुटायला बायका जमल्या होत्या, सखूही होती, आणि नामीबाईनं सगळं सांगितलं. सगळं. करवंदीची जाळी, पाचोळ्याची गोणी, ‘लई’, कुकरचा पक्षी. बायका लोळून लोळून हसल्या, सखूला ठसका लागला. ओढा सांगितला, मूळ सांगितलं, भाऊनं ते कसं उचललं ते सांगितलं. वरची वाडी इतकी वर्षं रानात नव्हती, हे वाडीला अखेर कळलं, आणि कोणी रागावलं नाही.

मग तिनं समारंभ सांगितला. अंगन सारवीत व्हते, असं बोलले म्हणाली, आन् समदी मानसं हसली, आन् मी वळून बगितलं तर भाऊच्या डोळ्यांत पानी. तोंड खाली घातलेलं त्येंनी. लहान पोरावानी. एक म्हातारी म्हणाली, मानूस चांगला हाय.

शुभदानं कोथिंबिरीची जुडी बांधली. त्या सभागृहात ती दुसऱ्या रांगेत होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

पाणी नव्हतं माझ्या डोळ्यांत. मी तोंड खाली घातलेलं नव्हतं. नामीबाई वळली तेव्हा मी हसत होतो — सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतकंच मोठ्यानं, पट्टीचा पाय जरा पुढे काढून.